मदत हवी आहे: बाळाची खोली सहा वर्षांच्या लेकीची करायची आहे, बजेट 15 हजार (आणि भिंतीला ओल)

नमस्कार मंडळी. गोव्यात फोंड्याजवळ गावात राहतो, सासऱ्यांनी बांधलेलं चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) घर. लेक यंदा पहिलीत गेली, तिची खोली मात्र अजून बाळाचीच आहे. भिंतीवर ढग आणि हत्तीचे स्टिकर, कोपऱ्यात चार फुटी पाळणा. त्यात ती फारशी कधी झोपलीच नाही, धुतलेले कपडे घडी व्हायची वाट बघत पडलेले असतात. बाईसाहेब आमच्या दोघांच्या मध्ये, आडव्या. आता तीच म्हणायला लागलीय, "म्हाका म्हजी कूड जाय." म्हणजे मला माझी खोली हवी.

खोली 10 बाय 9, खिडकी पश्चिमेला. चवथीला (गणेश चतुर्थीला) नणंद मुलांना घेऊन येते, तोवर निदान झोपण्यापुरती तरी खोली व्हायला हवी.

मेस्ताने (सुताराने) प्लायच्या बेडचे, खाली दोन ड्रॉवर धरून, 22 हजार सांगितले. ऑनलाइन आठ हजारांत मिळतो, पण तो पार्टिकल बोर्डचा. तसला शू रॅक आणला होता आम्ही. दुसऱ्या पावसात खालच्या फळ्या चहात बुडवलेल्या बिस्किटासारख्या फुगल्या.

सासूबाईंचं म्हणणं, मांगरात (अडगळीच्या शेडमध्ये) आजेसासूबाईंची मत्तीच्या लाकडाची खाट पडून आहे ती घ्या. खाट भक्कम आहे, दोघांनी उचलली तरी कंबर धरते. पण एका पायाला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आहेत आणि खाली पिठासारखा भुगा. सासरे म्हणतात काजूच्या टरफलांचं तेल मारा, वाशांना मारतो तसं.

आणि भिंत. परवा उत्साहाच्या भरात हत्तीचा स्टिकर ओढला तर रंगाचा पोपडाच हातात आला. मागे काळी बुरशी, तीही हत्तीच्याच आकाराची, सोंडेसकट. लेक खूश: "आई, ह्याची सावली राहिली!"

खाट वाचवता येईल का? रंग चवथीआधी लावावा का? आणि पैसे आधी कशावर घालू?

— कूडवाली

रविवारचा_सुतार: ताई, 22 हजारांचा बेड विसरा, खाट घ्या. मत्तीचं लाकूड आता त्या भावात मिळायचं नाही. आधी किडा जिवंत आहे का ते बघा. भुगा झाडून टाका, पायाखाली काळा कागद ठेवा आणि आठवडाभर खाट हलवू नका. कागदावर पुन्हा पांढरं पीठ पडलं तर किडा आत आहे. मग भोकांत सिरिंजने लाकडाच्या किडीचं औषध सोडायचं, वरून मेणाने बुजवायचं. हे सगळं मांगरातच करा आणि वास पूर्ण जाईपर्यंत खाट घरात आणू नका. पाय पोकळ लागला तर मेस्ताकडून तेवढा एकच पाय बदलून घ्या, स्वस्तात होईल.

सासऱ्यांचं तेल वाशांनाच राहू दे. किडा मारायला चालतं खरं, पण कातडीला लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात. मुलीच्या अंथरुणाखाली ते नको.

पाय कापून खाट बुटकी करू नका. उंच आहे म्हणून तर खाली खेळण्यांचे क्रेट जातील, ड्रॉवरचे पैसे वाचले.

चुडत: भिंतीवर आत्ता एक रुपयाही घालू नका. चिरा पाणी पितो. पूर्वी पावसाआधी पश्चिमेच्या भिंतीला चुडतं (नारळाच्या झावळ्या) बांधायचे ते उगाच नव्हे.

ओल कुठून येते ते आधी शोधा. दीड फूट चौरस प्लास्टिक घ्या, चारही कडा चिकटपट्टीने भिंतीला घट्ट बसवा आणि दोन दिवस थांबा. थेंब प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे जमले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीच्या बाजूला जमले तर हवेतला दमटपणा, खिडकी उघडत चला. भिंतीतून असेल तर दुरुस्ती बाहेरून. आतून वॉटरप्रूफ रंग मारला की पाणी आत कोंडतं आणि पुढच्या श्रावणात भिंतीला पापड येतात.

बुरशी कोरडी घासू नका, ती उडते. तोंडाला मास्क, ओलं फडकं, ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी, खिडकी उघडी आणि लेक दुसऱ्या खोलीत. संडास धुवायचं ॲसिड त्यात चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. रंग नोव्हेंबरनंतर. मला विचाराल तर त्या भिंतीला चुनाच लावा. चुन्यातून भिंत श्वास घेते, बुरशीलाही तो सहज मानवत नाही. कपड्यांना लागतो ही एकच कटकट, म्हणून खाट त्या भिंतीला टेकवू नका, चार बोटं जागा सोडा.

दोन_मुलांची_आई: चवथीआधी रंग लावायचा ठरवला तरी रंगारी मिळणार नाही, सगळा गोवा तेव्हाच घर रंगवतो :)

आमच्याकडे मोठ्याला माळ्याचा बेड हवा होता. वरच्या बेडवर सहाच्या आतलं मूल झोपवू नये म्हणतात, आणि तुमच्याकडे येणाऱ्या भाचरांत कोणी लहान असेल तर ते नक्की चढणार. साधी खाटच बरी.

गादी मापाची करून घ्या. जुनी खाट हल्लीच्या 6 बाय 3 मध्ये बसत नाही. आम्ही काथ्याची केली, कापसाची पावसात जड होते. आणि कपाट आणलंत तर ते भिंतीला आवळा. मुलं ड्रॉवर उघडून पायऱ्यांसारखी चढतात. चिऱ्यात साधा स्क्रू फिरत राहतो, लांब फास्टनर लागतो.

खोलीत काय हवं ते लेकीलाही विचारलंत का? आमच्या धाकटीला फक्त दिव्याचं बटण हाताला पुरेल असं हवं होतं.

कूडवाली: सगळ्यांचे आभार. प्लास्टिक लावलं होतं. थेंब भिंतीकडच्या बाजूला. ह्यांनी शिडी लावून बघितलं तर खिडकीवरच्या छज्जाला बोटभर भेग, पाणी सरळ भिंतीत. पाऊस उघडला की गवंडी येतो म्हणालाय, त्याचे चार हजार बाजूला काढलेत.

काळ्या कागदावर पाच दिवसांत चिमूटभर पीठ पडलं, म्हणजे किडा आहे. सिरिंज आणलीय. सासऱ्यांना सांगितलं तर म्हणाले, "आमचं काय, आम्ही त्याच तेलावर वाढलो." पण मांगराची चावी दिली.

लेकीला विचारलं. तिला दिव्याचं बटण नको, तिला हत्तीची सावली ठेवायची आहे. चुना लावायच्या आधी सोंडेसकट पेन्सिलीने कागदावर उतरवून घेते म्हणजे झालं. पाळणा कोणाला हवा आहे का? कपडे काढून देईन.