‘संथ’ म्हणून मोकळे होण्याआधी : ‘सबर बोंडा’विषयी

मधली रांग

‘रविवारचा प्रेक्षक’ या टोपणनावाने इथे लिहिणाऱ्यांनी गेल्या दहा दिवसांत (सप्टेंबर २०२५) पाहिलेल्या चित्रपटांवर चार ओळी लिहिल्या आहेत. ‘दशावतार’ला त्यांनी ‘पैसे वसूल’ म्हटले आहे आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. वयाची ऐंशी ओलांडलेल्या दिलीप प्रभावळकरांनी ज्या ताकदीने बाबुली मेस्त्री उभा केला आहे, ते पाहून मीही थक्क झाले. परंतु त्याच दमात ‘सबर बोंडा’चा निकाल त्यांनी एका ओळीत लावून टाकला : ‘फारच संथ, दोन तास काहीच घडत नाही, मोबाईलवर आला की पाहा.’ ही ओळ तीन दिवस माझ्या मनातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

काहीच घडत नाही म्हणजे नेमके काय घडत नाही? वडील गेले आहेत, मुंबईत नोकरी करणारा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी आईबरोबर गावी आला आहे, येणारा-जाणारा प्रत्येक नातेवाईक त्याच्या लग्नाचा विषय काढून त्याला भंडावून सोडत आहे, आणि शेळ्या राखणाऱ्या बाल्याशी, त्याच्या लहानपणच्या मित्राशी, त्याचे नाते हळूहळू उलगडत आहे. हे सगळे घडतच असते. ते आरडाओरडा करून घडत नाही, एवढेच. पार्श्वसंगीत नाही, कॅमेरा एका जागी ठाण मांडून बसतो, आणि माणूस चौकटीतून निघून गेल्यावरही रिकामा ओटा आपल्यासमोर काही क्षण राहतो.

माझे वडील गेले तेव्हा मी अशाच ओट्यावर दहा दिवस काढले आहेत. स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेल्या दिनदर्शिकेवर वडील रोजच्या दुधाचा हिशेब लिहीत असत, सकाळचे लिटर वर आणि संध्याकाळचे खाली. चौदा तारखेपर्यंतचे आकडे त्यांच्या हातचे होते आणि पंधरापासूनचे चौकोन कोरे होते. चौथ्या दिवशी आई त्या कोऱ्या चौकोनांकडे बघत म्हणाली, ‘दूधवाल्याला किती द्यायचे, ते आता कोण सांगणार?’ दहा दिवसांत आमच्या घरात याहून मोठे काही ‘घडले’ नाही. हा चित्रपट मी रविवारी, नेमक्या सर्वपित्री अमावास्येला पाहिला आणि मध्यंतरात मला जागेवरून उठता आले नाही.

रविवारचा प्रेक्षक

आपल्या वडिलांविषयी वाचून वाईट वाटले, आणि हे मी मनापासून लिहितो आहे. परंतु आपले दुःख आपण चित्रपटगृहात बरोबर घेऊन गेलात आणि पडद्यावरच्या रिकाम्या जागा त्या दुःखाने भरल्यात. माझ्याजवळ भरायला तसे काही नव्हते. ज्याच्या घरी नुकतेच कोणी गेलेले नाही, त्यालाही त्या ओट्याजवळ नेऊन बसवणे हे दिग्दर्शकाचे काम नव्हे काय?

स्थिर कॅमेऱ्याला माझा विरोध नाही. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा चित्रपट मी दोनदा पाहिला आहे. तिथेही कॅमेरा हलत नाही, परंतु खटल्याच्या तारखा पडत राहतात, आरोपी लोकशाहीर नारायण कांबळे आत खितपत पडतो, आणि तो संथपणाच आपल्याला संताप आणतो. शेवटी कामकाज संपून न्यायालयातले दिवे एकेक करून मालवले जातात तो प्रसंग मी विसरू शकत नाही. इथे मात्र पाऊण तासानंतर मला पुढचे सगळे दिसू लागले होते. अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात २०२५ मध्ये मोठे पारितोषिक मिळाले म्हणून तो मला आवडलाच पाहिजे, असा नियम असेल तर तसे सांगावे.

पूर्वा, नाशिक

नियम कोणीच करत नाही. सनडान्सच्या जागतिक कथापट विभागात ज्युरींचे सर्वोच्च पारितोषिक मराठी चित्रपटाला मिळाले, ही गोष्ट मोठी असली तरी वाद त्यावर नाही. मला एक वेगळी शंका विचारायची आहे आणि ती कडू लागेल. दोन पुरुषांचे प्रेम पाहताना होणाऱ्या अवघडलेपणाला आपण ‘संथ’ हे सोईस्कर नाव देत नाही ना? माझ्या मागच्या रांगेतले एक कुटुंब नेमके त्याच प्रसंगांत चुळबुळ करू लागले, आणि बाहेर पडताना ‘बोअर आहे’ एवढेच म्हणाले. नायकाच्या जागी नायिका असती, तर हीच गती ‘तरल’ ठरली असती.

रविवारचा प्रेक्षक

हे मी अजिबात ऐकून घेणार नाही. आपण मला ओळखत नाही. माझा सख्खा मामेभाऊ गेली बारा वर्षे त्याच्या जोडीदाराबरोबर राहतो आहे, आणि घरात कोणी त्याला बोलावत नव्हते तेव्हा दिवाळीला त्यांच्याकडे फराळाचे डबे घेऊन जाणारा मी एकटा होतो. तोही माझ्याबरोबर हा चित्रपट पाहायला आला होता आणि त्यालाही तो लांबलेला वाटला. चित्रपट लांबला असे म्हणणाऱ्याच्या मनात डोकावून त्याला संकुचित ठरवणार असाल, तर चर्चा कशाला करायची?

पूर्वा, नाशिक

आपल्यापुरते माझे शब्द मागे घेते. माझ्या मागच्या रांगेपुरते घेत नाही.

बांधावरून

मी सिन्नर तालुक्यात राहतो, दहा जनावरे आहेत, दूध डेअरीला घालतो. त्यामुळे या चित्रपटाविषयी चार शब्द बोलण्याचा अधिकार मला आहे असे समजतो. शहरातील माणसांना गाव म्हटले की संथ वाटते, आणि तो संथपणा पडद्यावर दिसला की ‘किती खरे चित्रण’ अशी दाद मिळते. आमच्या घरी तीन वर्षांपूर्वी आजोबांचे सुतक होते. पायात चप्पल नाही, दाढी नाही, भाजीला फोडणी नाही, हे सगळे होतेच. परंतु पहाटे साडेचारला गाई हंबरतात, त्यांना सुतक कळत नाही. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती, म्हणून चुलते अनवाणी पायांनी रात्री बारा वाजता मोटार सुरू करायला जात होते आणि मी बॅटरी धरून पुढे चालत होतो. साप-विंचवाच्या भीतीने माझा जीव मुठीत होता. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना, तेव्हा चुलत्यांनी हात जोडून ‘सोसायटीचे कर्ज मी फेडीन’ असे म्हटले, आणि त्यानंतर दहा मिनिटांनी तो आला. यात संथ काय होते? आमचे सुतक म्हणजे धावपळ होती आणि रडायला वेळ मिळाला नाही, हेच आमचे दुःख होते.

मधली रांग

आपण लिहिलेला बॅटरीचा प्रसंग मी दोनदा वाचला. तरीही मला वाटते की आपण चित्रपटाकडून तो न मांडणाऱ्या गोष्टीची अपेक्षा करत आहात. आनंद शेतकरी नाही. तो पाहुणा आहे, त्याला मोटार सुरू करायची नाही, गाई पिळायच्या नाहीत, आणि सुतकाच्या नियमांमुळे त्याच्या हाताला दुसरे कामही उरलेले नाही. तो वेळ त्याच्या अंगावर येतो. काम बाल्याला आहे, आणि म्हणूनच आनंद त्याच्या मागे रानात जातो. दिग्दर्शक रोहन कानवडे यांनी स्वतःच्या वडिलांच्या निधनानंतर गावी काढलेल्या दिवसांतून ही गोष्ट रचली आहे. त्यांनी त्यांचे दहा दिवस दाखवले आहेत, आपले नव्हेत.

बांधावरून

असे असेल तर पाहुण्याचे दहा दिवस म्हणून मी ते मान्य करतो. मग मात्र कोणी ‘गावाचे अस्सल चित्रण’ असे लिहू नये. एक गोष्ट मात्र मला खटकली नाही, उलट फार आवडली : आई. मुलाचे सगळे जाणूनही ती नातेवाइकांसमोर एक अक्षर बोलत नाही आणि त्याच्यावर आचही येऊ देत नाही. अशा बायका आमच्याकडे आहेत आणि त्यांच्यावर चित्रपट निघत नाहीत.

जुना डोअरकीपर

आपण सगळे गतीवर भांडत आहात, आणि चित्रपट मात्र तोपर्यंत उतरून जाईल. मी एकपडदा चित्रपटगृहात सव्वीस वर्षे काम केले. आधी डोअरकीपर, नंतर बुकिंगवर. तेव्हा आठवड्याच्या गल्ल्याचा एक आकडा ठरलेला असे. गल्ला त्याच्या वर राहिला तर चित्रपट पुढच्या आठवड्यात चालू राही, खाली आला तर उतरे. सोमवारी रिकामा गेलेला चित्रपट पुढच्या रविवारी हाऊसफुल्ल झालेला मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे, कारण बायका पाणवठ्यावर, माणसे गिरणीत बोलत आणि ते बोलणे पसरायला आठ दिवस लागत. आता शुक्रवार, शनिवार, रविवार एवढेच आयुष्य असते. सोमवारी सकाळी पडदे नव्याने वाटले जातात. म्हणून रविवारी दुपारी लिहिलेल्या ‘संथ’ या एका शब्दाचे वजन फार होते, हे लिहिणाऱ्याला कळले पाहिजे.

रविवारचा प्रेक्षक

म्हणजे मी माझे मत मंगळवारी लिहावे, अशी आपली सूचना आहे का? तीनशे रुपयांचे तिकीट काढून आलेल्या माणसाने वितरकाचे हिशेब सांभाळावेत, हे मला पटत नाही. मुळात शो कोणत्या वेळी होता ते पाहा. आमच्या भागात या चित्रपटाचा दिवसाला एकच खेळ, सकाळी दहा चाळीसचा. नोकरी करणाऱ्याने तो कधी पाहावा? त्याचा दोष माझ्या एका ओळीवर ढकलू नका.

पूर्वा, नाशिक

इथे मात्र मी आपल्या बाजूने आहे. २०१५ च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्समध्ये संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत मराठी चित्रपट दाखवणे बंधनकारक करण्याची घोषणा केली होती. केवढे रणकंदन माजले होते! मग मालकांशी बोलणी झाली आणि ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल करण्यात आली. दुपारी सव्वाबाराचा खेळ लावला की नियम पाळला जातो, आणि खुर्च्या रिकाम्या राहिल्या की ‘मराठी चित्रपटाला प्रेक्षकच नाही’ असे म्हणायला मोकळे. गेल्या वर्षी एका मराठी चित्रपटाला आम्ही सात जण होतो. पंधरा मिनिटे बाहेर ताटकळत ठेवून खेळ रद्द झाल्याचे सांगितले आणि पैसे परत केले. माझ्या सासूबाई दोन रिक्षा बदलून आल्या होत्या.

जुना डोअरकीपर

हे दुखणे जुने आहे, ताई. आमच्याकडेही नियमित खेळ हिंदीला आणि मॅटिनी मराठीला, अशी वाटणी वर्षानुवर्षे होती. मी तेव्हाही मालकांशी भांडलो होतो. परंतु कायद्याने खुर्ची मिळते, माणूस मिळत नाही, हेही मी पाहिले आहे. २०१६ मध्ये ‘सैराट’ला कोणी वेळ राखून ठेवली नव्हती, लोकांनी मागणी केली आणि मध्यरात्रीचे, पहाटेचे खेळ लावावे लागले. आता हाच ‘दशावतार’ पाहा, प्रेक्षक येत आहेत म्हणून त्याचे खेळ वाढत आहेत.

मधली रांग

‘सैराट’चे उदाहरण प्रत्येक मराठी चित्रपटाच्या डोक्यावर मारणे थांबवायला हवे. तो जवळजवळ तीन तासांचा आहे आणि हैदराबादमधला त्याचा उत्तरार्ध कमी संथ नाही. झोपडीतले दिवस, संशय, भांडणे, पुन्हा जुळणे, हे सगळे नागराज मंजुळे यांनी सावकाश दाखवले आणि म्हणूनच आवाज नसलेला तो शेवट काळजात घुसला. पहिल्या भागात अजय-अतुल यांची गाणी होती, म्हणून प्रेक्षकांनी पुढचा संथपणा सोसला. ज्या चित्रपटाकडे गाणी नाहीत, त्याला सोसण्याची आपली तयारी का नाही, एवढेच मी विचारते आहे.

रविवारचा प्रेक्षक

उत्तरार्धाच्या लांबीविषयी मी त्याही वेळी तक्रार केली होती, म्हणजे निदान माझ्यावर दुटप्पीपणाचा आरोप येत नाही. असो. मामेभावाशी काल पुन्हा बोललो. तो म्हणाला की त्याला चित्रपट लांबलेला वाटला हे खरे, परंतु लग्नाच्या चौकशा सुरू झाल्या त्या प्रसंगानंतर तो पुढे काय चालले आहे ते नीट पाहूच शकला नव्हता. त्याला त्याच्या आजीचे तेरावे आठवत होते. हे त्याने मला चित्रपटगृहातून बाहेर पडताना सांगितले नाही, काल सांगितले. शिवाय मी रात्रपाळी करून थेट त्या दहा चाळीसच्या खेळाला गेलो होतो, हेही लिहायला हवे. माझ्या ओळीतले ‘काहीच घडत नाही’ हे शब्द मी काढून टाकतो. ‘संथ’ हा शब्द राहील, कारण माझ्यासाठी तो संथच होता. ‘मोबाईलवर आला की पाहा’ हेही काढतो. ते चुकीचे होते.

मधली रांग

‘संथ’ राहिला तरी माझी हरकत नाही. मोबाईलचे वाक्य काढलेत, त्याबद्दल आभार.

बांधावरून

मी तो एकट्याने पाहिला होता, डेअरीच्या कामासाठी नाशिकला गेलो होतो तेव्हा. आता आईला दाखवावा असे मनात आहे. कोठे चालू आहे, कोणी सांगू शकेल का?

पूर्वा, नाशिक

चौकशी केली. शहरात एकच खेळ उरला आहे, दुपारी सव्वाबाराचा, तोही गुरुवारपर्यंतच. शुक्रवारपासून यादीत नाव दिसत नाही.

बांधावरून

गुरुवारी सोयाबीन काढायला माणसे सांगून ठेवली आहेत. मुकादमाला आज संध्याकाळी विचारून पाहतो, एक दिवस पुढे ढकलता येते का.