निवृत्तीनंतर दरमहा किती येणार हे काढायचंय. कुठली कागदपत्रं गोळा करायची? (उद्यमबाग, शिरोली, चंदगडची जमीन)

वडगावची_लेक:
बाबा बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत आहेत. ऑगस्ट २०२६ अखेर त्यांना ५८ पूर्ण होतात. इथली नोकरी सप्टेंबर २००८ पासूनची, त्याआधी जून १९९९ ते मे २००८ कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून २४,०००. पीएफच्या पासबुकात साधारण ११ लाख. आई घरी शिवणकाम करते. तिची पिग्मी (रोज थोडं भरायची बचत) आहे आणि दोन सोसायट्यांत ठेवी. एलआयसीच्या तीन पॉलिसी. घर स्वतःचं. चंदगड तालुक्यात काजू आणि भाताची जमीन आहे, उताऱ्यावर अजून आजोबाच. बेळगाव तालुक्यात दीड एकर बाबांच्या नावावर.

दरमहा हातात काय येईल ते एका कागदावर मांडायचं आहे. कुठून काय माहिती काढू आणि चूक कुठं होते?

पीएफ_खिडकी:
ताई, सुरुवात शिरोलीपासून करा. तुमच्या यादीतली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे.

पीएफची रक्कम पासबुकात दिसते, पण ईपीएसची (पीएफला जोडलेली पेन्शन योजना) पेन्शन जमलेल्या पैशांवर ठरत नाही, पगार आणि नोकरीच्या वर्षांवर ठरते. सूत्र असं: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगार कितीही असला तरी ३१ ऑगस्ट २०१४ पर्यंतच्या सेवेला जास्तीत जास्त ६,५०० धरतात आणि त्यानंतरच्या सेवेला १५,०००.

फक्त उद्यमबागची सेवा धरली तर २०१४ पर्यंतची ६ वर्षं, म्हणजे ५५७ रुपये. नंतरची १२ वर्षं, म्हणजे २,५७१. एकूण ३,१२८ च्या आसपास. शिरोलीची ९ वर्षं जोडली गेली तर आणखी ८३५, म्हणजे ३,९६४. शिवाय सेवा २० वर्षांच्या वर गेली की सूत्रात २ वर्षं जादा धरतात. १८ वर्षांवर ती मिळत नाहीत, २७ वर मिळतात. हा फरक बाबांना आयुष्यभर आणि त्यांच्यामागे आईला निम्म्या प्रमाणात मिळत राहणार, म्हणून त्याच्यासाठी खेटे घालावे लागले तरी घाला.

आता बाबांना नेमकं विचारा: शिरोली सोडल्यावर पैसे काढले होते का, आणि कुठल्या फॉर्मवर? फॉर्म १९ म्हणजे पीएफची रक्कम. फॉर्म १०सी म्हणजे पेन्शनचा भाग, तो काढून घेता येतो किंवा त्यावर स्कीम सर्टिफिकेट (सेवेची वर्षं जपून ठेवणारा दाखला) मिळतं. १०सी वर पैसे घेतले असतील तर ती ९ वर्षं गेली. फक्त १९ भरला असेल, किंवा काहीच काढलं नसेल, तर सेवा अजून जोडता येते. २००८ ते २०१० चं बँक पासबुक बघा, दोन वेगळ्या जमा दिसतात का.

पासबुकात आणखी तीन गोष्टी तपासा. पहिली, विनावेतन दिवस. फाउंड्रीत काम नसताना बसवलेले दिवस तिथं लागतात आणि सेवेतून वजा होतात. चुकीचे लागले असतील तर कंपनीच दुरुस्त करू शकते. दुसरी, जन्मतारीख आणि नाव आधारशी तंतोतंत जुळतंय का. आपल्याकडे हा घोळ फार. शाळेच्या दाखल्यावर मराठी, आधारवर कन्नडवरून आलेलं स्पेलिंग, कंपनीच्या रजिस्टरला आडनाव आधी किंवा नुसती आद्याक्षरं. बाबांचा यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) २०१७ च्या आधीचा असणार, त्यामुळे दुरुस्तीच्या संयुक्त घोषणापत्राला कंपनीची मंजुरी लागते. ती नोकरीत असताना आठवड्यात मिळते. निवृत्तीनंतर त्याच टेबलासाठी फेऱ्या माराव्या लागतात. तिसरी, ५८ पूर्ण झाल्यावर नोकरी पुढं चालू राहिली तर पेन्शन खात्यात कपात जाता कामा नये, मालकाचा सगळा हिस्सा पीएफमध्ये जायला हवा. पगार करणाऱ्या क्लार्कला हे आधीच लेखी कळवा, नाहीतर १०डी फॉर्म (पेन्शनचा अर्ज) तिथंच अडकतो.

ग्रॅच्युइटी: २४,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले १८ वर्षं. २,४९,२३१ रुपये. शिरोलीची ग्रॅच्युइटी तिथल्याच मालकाकडची, ती मिळाली होती का तेही विचारून ठेवा.

सौहार्द_आणि_पतसंस्था:
सोसायटीच्या ठेवींबद्दल. प्रत्येक पावतीसाठी एक ओळ लिहा: संस्थेचं पूर्ण नाव, पावती नंबर, रक्कम, दर, मुदत संपण्याची तारीख, व्याज दरमहा येतं की शेवटी, पावती कुणाच्या नावावर, वारस कोण. एका नावावर असेल तर ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ असं नूतनीकरणाच्या वेळी करून घ्या. वारस म्हणून आजीचं नाव राहिलेल्या पावत्या घरोघरी आहेत.

संस्थेच्या नावासमोर ती काय आहे तेही लिहा. सहकारी बँक असेल आणि रिझर्व्ह बँकेचा परवाना असेल तर ठेवीदारामागे व्याजासह ५ लाखांपर्यंत ठेव विमा आहे. सौहार्द सहकारी (कर्नाटकातल्या सहकारी संस्थांचा एक प्रकार), पतसंस्था, मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटी यांना तो विमा नाही. एक-दीड टक्का जादा मिळतो तो याच जोखमीचा. निवृत्तीच्या रोजच्या खर्चाला लागणारी रक्कम तिथं ठेवू नये असं माझं ठाम मत आहे. सोसायटीच्या शेअर्सची रक्कम तर ठेवच नव्हे, ती ‘हाताशी असलेले पैसे’ या रकान्यात लिहू नका.

पिग्मीत मुदतीआधी काढल्यास काय कापतात ते एजंटला विचारू नका, संस्थेचे छापील नियम बघा. एजंटकडचं कार्ड आणि संस्थेच्या खातेवहीतला आकडा एकदा जुळवून घ्या. भिशी चालू असेल तर उरलेले हप्ते देणं म्हणून लिहा.

आणि हे कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो: बाबा कुणाकुणाला जामीन आहेत? मित्राच्या, भावकीतल्या कर्जाला केलेली सही निवृत्तीच्या पैशांवर येऊ शकते. कर्जदार थकला तर वसुली जामीनदाराकडून होते. कर्ज फिटलं असेल तर बेबाकी दाखला मागून घ्या. चालू असेल तर शिल्लक किती ते लेखी घ्या.

उतारा_बघणारा:
जमिनीचं थोडक्यात. बेळगाव तालुक्यातल्या दीड एकराची पहाणी (कर्नाटकातला सातबारा) भूमी पोर्टलवरून काढा. ती कन्नडात येते. नवव्या रकान्यात मालकाचं नाव, अकराव्यात बोजा. कृषी पत्तीनचं (गावची शेती पतसंस्था) पीककर्ज फेडूनही बोजा तसाच राहिलेला असतो. संस्थेचा दाखला देऊन तो उतरवावा लागतो. चंदगडकडचा सातबारा आणि ८अ महाभूमीवर मिळतो, तिथं बोजा ‘इतर हक्क’मध्ये दिसतो. आजोबांचं नाव आहे तोवर ती जमीन बाबांच्या उत्पन्नात पूर्ण धरू नका. वारस नोंद लावा, सगळ्या वारसांची नावं चढू द्या, मग बाबांचा हिस्सा किती ते ठरेल. दोन राज्यांची दोन स्वतंत्र कामं आहेत. इथल्या नोंदीवरून तिथली आपोआप होत नाही.

काजूचं उत्पन्न लिहिताना चांगल्या वर्षाचा आकडा घेऊ नका. पाच वर्षांच्या विक्रीची पट्टी, त्यातून साफसफाई, वेचणी, राखण वजा, मग सरासरी.

वडगावची_लेक:
खूप उपयोग झाला. बाबा म्हणतात शिरोलीचं काहीच काढलं नव्हतं. पण पीएफ स्लिप सापडत नाही आणि यूएएनमध्ये फक्त उद्यमबागचं खातं दिसतं. आणि हे सगळं मिळाल्यावर महिन्याचा आकडा कसा काढायचा?

पीएफ_खिडकी:
ते खातं २००८ मध्ये थांबलं आणि यूएएन २०१४ मध्ये आला, म्हणून दिसत नाही. पीएफ नंबरात आस्थापनेचा कोड सगळ्या कामगारांना एकच असतो, फक्त शेवटचा खाते क्रमांक वेगळा. त्या काळच्या कुणा सहकाऱ्याची स्लिप मिळाली तरी कोड कळतो. ईपीएफओच्या साइटवर आस्थापनेच्या नावानंही शोधता येतो. खाते क्रमांकासाठी जुनी पगारपावती, नेमणूकपत्र किंवा कारखान्याकडचा फॉर्म ३ए (कामगाराच्या वर्षाच्या पीएफ वर्गणीचा तक्ता). मग फॉर्म १३ वर हस्तांतर. पैसे आले म्हणजे काम झालं असं समजू नका. कोल्हापूरच्या कार्यालयाकडून इकडच्या कार्यालयाला ‘अनेक्शर के’ यायला हवं, सेवेची वर्षं त्यावर असतात. ते न आल्यानं पैसे जमा पण सेवा शून्य, अशी प्रकरणं होतात. त्याची प्रत मागून ठेवा.

हिशेबाची_वही:
ताई, महिन्याचा आकडा असा. आधी खर्च, तोही वर्षाचा. बँक पासबुक आणि यूपीआयचे बारा महिने काढा. दरमहाचा खर्च २८,००० निघाला असं धरू. त्यात वर्षातून एकदा येणारे खर्च नसतात: घरपट्टी, गाडीचा विमा, आरोग्य विम्याचा हप्ता, गणपती-दिवाळी, लग्नकार्यातला आहेर, वर्षाचे तांदूळ-मसाला. ते ६०,००० झाले तर महिन्याला आणखी ५,०००. म्हणजे ३३,०००. कंपनीत ईएसआय (सरकारी कामगार विमा) किंवा गट विमा असेल तर तो नोकरीबरोबर संपेल का हे विचारा, कारण त्याचा बदली हप्ता याच आकड्यात यायचा आहे.

येणं तीन रकान्यांत लिहा. पहिल्यात आयुष्यभर चालणारं: ईपीएस, धरा ४,०००. दुसऱ्यात मुदतीचं आणि खात्रीचं. पीएफ आणि ग्रॅच्युइटी मिळून साडेतेरा लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले, ८.२ टक्के दरानं तिमाहीला २७,६७५, म्हणजे महिन्याला ९,२२५. खातं उघडताना जो दर असेल तोच पाच वर्षं राहतो. बाबा ६० च्या आत आहेत, म्हणून निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडावं लागेल आणि मालकाचं निवृत्तीचं पत्र लागेल. ती मुदत चुकली तर ६० पर्यंत थांबणं आलं. तिसऱ्या रकान्यात शेती, शिवणकाम, गृहलक्ष्मी (कर्नाटक सरकारची महिलांना दरमहा पैसे देणारी योजना). हे येईल तेव्हा चांगलंच, पण किराणा आणि औषधं त्याच्यावर अवलंबून ठेवू नका. गृहलक्ष्मी सरकारच्या निर्णयावर आणि रेशनकार्डावर आहे.

पहिले दोन रकाने मिळून १३,२२५. खर्चाला १९,७७५ कमी पडतात. ही तफावत कशातून भरणार, सोसायटीच्या ठेवी, एलआयसीचे पैसे की बाबांचं आणखी दोन वर्षं काम, हे आता ठरवायचं. काम चालूच राहणार असेल तर ईपीएस ६० पर्यंत पुढं ढकलता येते, दर वर्षाला ४ टक्के वाढीव मिळते. मात्र त्या दोन वर्षांत पेन्शन येत नाही, तेवढं धरून तुलना करा.

एलआयसीच्या तिन्ही पॉलिसींचा लेखी स्टेटस घ्या: मुदतपूर्तीची तारीख, जमा बोनस, त्यावर काढलेलं कर्ज, हप्ते थकलेत का. बॉण्डावर छापलेली रक्कम आणि हातात येणारी रक्कम यांत कर्ज-व्याजाचा फरक पडतो. विसरलेलं काही आहे का ते बघायला आयकर पोर्टलवरचं बाबांचं आणि आईचं वार्षिक माहिती विवरण काढा. बँका आणि पोस्टाचं व्याज तिथं दिसतं, पतसंस्थेचं दिसेलच असं नाही. जुनं, वर्षानुवर्षं न हाताळलेलं बँक खातं रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर नाव आणि पॅन टाकून शोधता येतं. शिरोलीत असताना कोल्हापुरात पगाराचं खातं उघडलं असेल, तर आधी तेच बघा.