आईपासून दुरावा आणि आपली मुले : काही अनुभव

आईशी न पटणाऱ्या माणसाला आपल्याकडे ‘शेवटी आईच ती’ एवढ्यावर गप्प केले जाते, त्यामुळे असे अनुभव सहसा कागदावर येत नाहीत. आईशी संबंध तोडलेल्या किंवा अगदी कमी केलेल्या, आणि आता स्वतः मुले वाढवणाऱ्या सर्वांनी आपला अनुभव लिहावा, ही विनंती. नावे नकोत. सुरुवात मीच करते.

माझ्या आईने मला क्वचितच मारले. ती अबोला धरत असे. सहामाहीत गणिताचे गुण कमी पडले तेव्हा ती अकरा दिवस माझ्याशी बोलली नाही. माझे ताट वाढायची, पण ते ओट्यावरच ठेवून निघून जायची. लग्नानंतर तिने सासरी माझ्याविषयी काय काय सांगितले हे कानावर आले, तेव्हा मी तिचे फोन घेणे थांबवले, त्याला सात वर्षे झाली. प्रश्न तिथेच मिटला, अशी माझी समजूत होती. मागच्या वर्षी मुलीने माझ्या कामाच्या कागदांवर दूध सांडले आणि मी एक शब्दही बोलले नाही; आपण केवढा संयम राखला, असे वाटत असतानाच रात्री तिने विचारले, ‘‘आई, तू आता किती दिवस बोलणार नाहीस?’’ तेव्हापासून राग आला की तो मी बोलून दाखवते आणि जेवायच्या वेळेपर्यंत संपवायचा असे ठरवते. पुष्कळदा संपत नाही. मग तेही सांगते.

*

श्रावण अमावास्येला, म्हणजे पिठोरीला, आई डोक्यावर वाण धरून ‘अतीत कोण?’ असे विचारते आणि पाठीमागचे मूल ‘मी’ म्हणून ते घेते. आमच्या घरी ते उत्तर फक्त भावाने द्यायचे. मी खिरीची वाटी धरून बाजूला उभी राहत असे, आणि एकदा चुकून ‘मी’ म्हणाले तर आईने पाहुण्यांदेखत माझी नक्कल केली. आज आमचे बोलणे नाही, पण वाण मी सोडलेले नाही. मुलगा आणि मुलगी दोघेही मागे उभे राहतात, ओरडून ‘मी’ म्हणतात आणि त्यावरून भांडतातही.

*

इतरांहून माझे थोडे निराळे आहे. मी आईला कधी दुखावले नाही, फक्त दूर राहिलो. परंतु तिच्यासारखे व्हायचे नाही या हट्टापायी मुलाला नऊ वर्षे कशालाच ‘नाही’ म्हटले नाही. शेवटी समुपदेशकांनी विचारले की या घरात मोठे माणूस कोण आहे. याचे उत्तर मला अजून नीट देता येत नाही.

*

मी मुलगा आहे, म्हणून माझ्याकडे प्रश्न पैशांच्या वाटेने आला. पालकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आहे, त्यात निर्वाहाची कमाल मर्यादा दरमहा १०,००० रुपये आहे, आणि आईने अर्ज करण्याचा निरोप मामांकरवी पाठवला होता. (बहिणीला वाटत होते की लग्न झाल्याने ती यातून सुटली; पण आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी विवाहित मुलीवरही येते, असे सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याच्याही आधी, १९८७ मध्येच सांगितलेले आहे.) वकिलांनी समजावले की कायद्याने खर्च मागता येतो, माया मागता येत नाही. तेव्हापासून ठरलेल्या तारखेला पैसे जातात, मी जात नाही. नातेवाईक याला कोडगेपणा म्हणतात, आणि त्यांची समजूत घालणे मी सोडून दिले आहे.

मुलाने पासबुकातली नोंद वाचून ही आजी कुठे असते असे विचारले. तो दहा वर्षांचा आहे; खोटे सांगावेसे वाटले नाही. लहानपणी ती मला अंधाऱ्या न्हाणीघरात कोंडत असे म्हणून मी तिच्याकडे जात नाही, आणि तिला औषधे लागतात म्हणून पैसे पाठवतो, इतकेच सांगितले. त्याने जरा विचार करून आपल्या न्हाणीघराला बाहेरून कडी का आहे, असे विचारले. घर घेतले तेव्हापासून ती होती आणि माझे तिच्याकडे कधी लक्षच गेले नव्हते. त्याच संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून ती काढली. दारावर स्क्रूची चार भोके राहिली आहेत, ती बुजवायची आहेत.