विषय: गाडीचा अल्टरनेटर 150 अँपिअरचा करून घेऊ का? (मिस्त्रीला उद्या दहापर्यंत सांगायचंय)

मंडळी, नाशिकहून लिहितोय. पाडव्याला मंडळाच्या व्हॅनवर होता तोच गाण्यांचा अँप, 1000 वॉट आरएमएस (म्हणजे सलग देता येणारे), क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा), बाबांच्या गाडीत बसवलाय. काल रात्री द्वारका चौकात सिग्नलवर थांबलो तर प्रत्येक ठेक्याला हेडलाइट मंद. घरी येऊन बॅटरीवर मीटर लावला: गाणी बंद असताना 14.1 व्होल्ट, वाजवताना 12.3. अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) 90 अँपिअरचा आहे. मुंबई नाक्याचा मिस्त्री म्हणतो, हाच जाड तारेनं गुंडाळून 150 चा करून देतो. काका, करू का?

——

नको. जाड तार म्हणजे वेढे कमी. हायवेला जास्त करंट मिळेल, पण आयडलला, म्हणजे गाडी उभी नि इंजिन नुसतं चालू असताना, आहे त्याहून कमी, आणि तुझं दुखणं आयडलचंच आहे. प्लेटवरचे 90 हे अल्टरनेटर मिनिटाला 6000 फेऱ्यांवर असतानाचे. सिग्नलवर इंजिन 800, पुलीमुळे अल्टरनेटर त्याच्या अडीच-तीनपट, म्हणजे 2000-2400 फेऱ्या. निम्मे मिळाले तरी खूप.

आता करंटचा खर्च बघ. क्लास डीची कार्यक्षमता 80 टक्के धरली तर अँप पूर्ण जोरात 90 अँपिअर ओढतो. गाण्यात सरासरी त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतका. वर एसी, पंखा, दिवे. मी सातपूरला मायकोच्या (आताच्या बॉशच्या) कारखान्यात होतो. तिथं काम डिझेल इंजेक्टरचं, अल्टरनेटरचं नाही, पण मोजल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही हे तिथंच अंगी लागलं. आधी अर्थिंग, म्हणजे इंजिन-बॉडीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतची जोडणी, मोज.

——

काका, एक फॅरडचा कपॅसिटर (थोडी वीज साठवून झटकन देणारा डबा) टाकला की दिवे मंद होत नाहीत. माझ्या गाडीत तीन वर्षं आहे.

——

14 वरून साडेबारा व्होल्टला उतरताना तो जेमतेम 20 ज्यूल देतो. अँप पूर्ण जोरात ओढतो त्या 1250 वॉटला ते सेकंदाचा साठावा भाग पुरतात. ठेका त्याहून लांब असतो रे. आणि रिकामा झाला की तोही अल्टरनेटरकडेच मागणार.

——

अल्टरनेटरचं तुम्ही बघा, पण अँप मंडळाचा आहे आणि वहीत नोंद नाही. गणपतीच्या आधी परत हवा. व्हॅनची जाड केबल आणि फ्यूज इथे खणातच आहेत, मग तिथे कुठली तार वापरलीस? फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात आहे ना? बॉडीला तार घासली तर आग लागते, म्हणून विचारतेय.

——

वहिनी, चूक झाली, नोंद करा. केबल नाशिकमधूनच वेगळी घेतली, तांब्याची, फ्यूज बॅटरीच्या शेजारी आहे.

काका, आज मोजलं. गाणी चालू ठेवून मीटरचं एक टोक इंजिन ब्लॉकला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला: 0.5 व्होल्ट! अर्थिंगची पट्टी काढली तर बोल्टाखाली हिरवट गंज, अर्ध्या तारा तुटलेल्या. ब्लॉक ते बॉडी, बॉडी ते बॅटरी आणि अल्टरनेटर ते बॅटरी, तिन्ही तारा जाड टाकल्या. आता आयडलला 12.9, इंजिन 1500 वर नेलं की 13.8. गुंडाळायचं रद्द केलं. मिस्त्रीकडे 130 चा तयार आहे, पण आयडलला किती देतो ते त्याला सांगता येत नाही.

——

मग बसवून दाखव म्हणावं. गाडी अर्धा तास पळवून गरम करा, एसी-दिवे-गाणी सगळं लावा, आयडलला अल्टरनेटरच्या तारेवर क्लॅम्प मीटर (तारेभोवती पकडून करंट मोजणारा) धरा. तुझ्या 90 वाल्यावर तेच आधी करून आकडा लिहून ठेव. त्यापेक्षा वीसेक अँपिअर जास्त दिसले तरच पैसे दे.