मदत हवी आहे: यू-१८१ ने बुडवलेल्या जहाजांवरचे आपले खलाशी

मंडळी,

वोल्फगांग ल्यूट या जर्मन पाणबुडी कप्तानावर दिवाळी अंकासाठी लेख लिहायला घेतलाय. निम्म्यात गाडी अडली आहे, म्हणून हा धागा.

नाव नवीन असेल त्यांच्यासाठी: जन्म रीगाचा, १९१३. मे १९४० मध्ये यू-९ या छोट्या पाणबुडीवरून त्याने डच किनाऱ्याजवळ 'डोरिस' ही फ्रेंच पाणबुडी बुडवली, तिच्यातलं कुणीही वाचलं नाही. पुढे यू-१३८, मग यू-४३. (ही यू-४३ फेब्रुवारी १९४१ मध्ये फ्रान्समधल्या लोरियाँ बंदराच्या धक्क्याला बांधलेली असताना, झडपा नीट न पाहिल्यामुळे, उभ्या जागी बुडाली. चरित्रकार हे एका ओळीत उरकतात.) १९४२ पासून यू-१८१, लांब पल्ल्याची.

मला लिहायचंय ते १९४३ च्या फेरीबद्दल. मार्चमध्ये फ्रान्सच्या बोर्दो बंदरातून निघालेला हा माणूस ऑक्टोबरात परतला. मधल्या काळात मॉरिशसच्या दक्षिणेला 'शार्लोट श्लीमन' या जर्मन टँकरकडून तेल घेतलं आणि त्याच टापूत जहाजं टिपत राहिला. ९ ऑगस्टला हिऱ्यांसह नाइट्स क्रॉस (जर्मनीचं मोठं शौर्यपदक) जाहीर झाल्याचं त्याला बिनतारी संदेशाने समुद्रातच कळलं. तीन दिवसांनी, १२ ऑगस्टला, मादागास्करच्या पूर्वेला त्याने 'क्लॅन मॅकार्थर' हे ब्रिटिश मालवाहू जहाज बुडवलं.

एवढे महिने पन्नास-साठ माणसं लोखंडी नळकांड्यात कशी ठेवली, हे त्याने डिसेंबर १९४३ मध्ये वायमारला अधिकाऱ्यांपुढे भाषणात सांगितलं. बुद्धिबळाच्या स्पर्धा, वाढदिवस, बोटीवरचं वर्तमानपत्र. शिक्षा म्हणजे गादीशिवाय कठीण फळीवर झोपायचं. बायकांची चित्रं लावायला बंदी, कारण भूक लागली म्हणून कुणी भिंतीवर पाव रंगवत नाही. वाचायला मजा येते. पण त्याच भाषणात तो हेही सांगतो की मी खलाशांना वंश आणि लोकसंख्या धोरणावर व्याख्यानं देत असे. पक्का नाझी होता.

आता अडचणी:

१. क्लॅन लाइन या ब्रिटिश कंपनीच्या जहाजांवर हिंदुस्थानी खलाशी असत. मॅकार्थरवरच्या अशा खलाशांची नावं कुठे मिळतील? इंग्रजी पुस्तकांत गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं येतात, आपली माणसं नुसता आकडा.

२. त्याने बुडवलेल्या टनांचे आकडे जुळत नाहीत. कुठला धरू?

३. नेताजींना नेणारी पाणबुडी ल्यूटची होती, असं एका व्हॉट्सॲप फॉरवर्डमध्ये वाचलं. खरं आहे का?

---

दर्यावर्दी

तिसऱ्याचं आधी: नाही. नेताजी गेले यू-१८० मधून, कप्तान वेर्नर मुझेनबेर्ग. फेब्रुवारी १९४३ ला कीलहून निघून एप्रिलच्या अखेरीस मादागास्करच्या बाजूला नेताजी आणि त्यांचे सहकारी आबिद हसन जपानी पाणबुडी आय-२९ वर चढले. आकडे शेजारचे, म्हणून लोक घोळ घालतात. त्याच सुमारास ल्यूट दक्षिणेला येत होता, एवढाच संबंध.

टनांचं असं आहे की कप्तान पेरिस्कोपमधून, तेही बऱ्याचदा अंधारात, अंदाजाने आकडा लिहायचा. युद्धानंतर इतिहासकार युर्गेन रोव्हर यांनी जर्मन नोंदी दोस्त राष्ट्रांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. तुम्ही हे ताडलेले आकडे धरा आणि लेखात तसं एका वाक्यात सांगा. आणि कृपया 'इतके टन माल बुडाला' लिहू नका. हे नोंदणी टन म्हणजे वजन नव्हे, १०० घनफुटांची बंदिस्त जागा. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या अंकात ही चूक छापून येते.

---

रत्नांग्रीकर

लेखकराव, पहिल्या प्रश्नासाठी लंडनच्या टॉवर हिल स्मारकावर शोधत बसू नका, आपले खलाशी तिथे नाहीत. अविभाजित हिंदुस्थानच्या नौसैनिक आणि व्यापारी खलाशांची नोंद मुंबई-चितगाव १९३९-४५ स्मारकाच्या नामावलीत आहे, सहा हजारांवर नावं. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या संकेतस्थळावर स्मारकाचं नाव टाका, तारीख १२ ऑगस्ट १९४३ द्या, मग जहाजाचं नाव पाहून चाळा. नावांची वर्णाक्षरं वाट्टेल तशी आहेत, एकच आडनाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडेल, तेव्हा नावावरून शोधू नका.

यातून फक्त मेलेले मिळतील. वाचलेल्यांसाठी लंडनमधल्या क्यू इथल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात बी.टी. ३८१ या मालिकेत युद्धकाळातले खलाशांचे करारनामे आहेत, जहाजाच्या अधिकृत क्रमांकाप्रमाणे लावलेले. सारंग (खलाशांचा मुख्य), टंडेल (त्याच्या हाताखालचा), आगवाले (भट्टीवाले), भांडारी (स्वयंपाकी), सगळ्यांची नोंद असते, कित्येकदा गावासकट. मुंबईहून भरती असेल तर डेकवर आमच्याकडचे नाहीतर गुजरात किनाऱ्याचे, भट्टीवर पंजाबी-पठाण आणि सलूनला, म्हणजे जेवणखाणाच्या सेवेला, गोव्याचे, अशी साधारण वाटणी असे. कलकत्त्याहून असेल तर सिल्हेट, नोआखालीचे. आधी भरतीचं बंदर शोधा, नाहीतर उगाच कोकणच्या नावावर खपवाल.

---

धागाकर्ता

दोघांचेही आभार. टनांचा परिच्छेद बदलतो. नामावली आज रात्री चाळायला घेतो.

एक राहिलं. शेवट कसा करू? ल्यूट १३-१४ मे १९४५ च्या रात्री फ्लेन्सबुर्ग-म्युर्विकच्या नौदल शाळेच्या आवारात मेला. प्रमुख तोच होता. पहारेकऱ्याने हटकलं, याने उत्तर दिलं नाही, पोराने अंधारात गोळी झाडली. युद्ध संपून आठवडाही झाला नव्हता. हिटलरनंतर सूत्रं घेतलेल्या अॅडमिरल ड्यॉनिट्झने इतमामाने दफन केलं, पहारेकरी निर्दोष सुटला.

---

दर्यावर्दी

तिथे संपवू नका, सगळेच तिथे संपवतात आणि वाचकाला उगाच त्याची कीव येते. मृत्यू मध्येच दोन ओळींत सांगा आणि मॅकार्थरच्या यादीवर या. फ्रेंच युद्धनौका 'साव्होर्न्यां द ब्राझा' हिने वाचलेल्यांना उचललं, तो धागा धरा.

---

धागाकर्ता

पटलं. आता लंडनमध्ये क्यूला जाऊन बी.टी. ३८१ ची पेटी काढून फोटो पाठवू शकेल असं कोणी आहे का इथे? प्रवासाचा आणि फोटोंचा खर्च मी देईन. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. अंकाची मुदत पुढच्या महिन्यात आहे.