अडेनियम: अरेबिकम घ्यावं की सोमालेन्स? (बजेट ५००)

चिपळूणची_गच्ची: नमस्कार मंडळी. अडेनियम, म्हणजे जाड बुंध्याचं ते फुलझाड, घ्यायचंय; अरेबिकम आणि सोमालेन्स या त्याच्या दोन प्रकारांत अडकलेय. गच्चीवर दिवसभर ऊन आहे, पण आमच्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. कलमी नको, बियांपासून वाढवलेलं हवंय. ५०० च्या वर जाणार नाही.

लालबुंद: कलमीच घ्या! माझं तिहेरी पाकळ्यांचं १,८०० ला आणलं, वर्षातून तीनदा लगडतं. ५०० मध्ये नुसती काडी मिळेल.

वाळूविटा: कलमी नको म्हणाल्यात ना त्या? ताई, अरेबिकम घ्या. बुंधा बसका, पसरट. सोमालेन्स उंच जातं, पानं अरुंद, कडा लहरी.

माळीणबाई: अरेबिकम वेगळी जात नाहीच, ओबेसम या नेहमीच्या अडेनियमचाच प्रकार आहे.

वाळूविटा: वेगळी मानणारेही आहेत.

माळीणबाई: ओबेसम नाव मुळात येमेनच्या झाडाला दिलेलं. फोर्स्काल या वनस्पतिशास्त्रज्ञाचं वर्णन १७७५ साली छापलं, तेव्हा त्याला कण्हेरीच्या प्रजातीत घातलं होतं. अडेनियम हे नावसुद्धा येमेनमधल्या एडनवरून.

जुनी_कुंडी: नावावरून काय भांडता, पावसाचं बोला. माझं सात वर्षांचं झाड होतं. जुलैत पानं पिवळी पडली, मला वाटलं पाणी कमी पडतंय, आणखी घातलं. आठवड्याने बुंधा दाबला तर अंगठा आत गेला. कुजक्या बटाट्यासारखा वास. तेव्हापासून जून लागला की कुंड्या पत्र्याखाली. मातीत निम्मे विटांचे तुकडे नि जाड वाळू.

लालबुंद: माझं पावसातच असतं, काही होत नाही.

जुनी_कुंडी: तुमचं सोलापूर, त्यांचं चिपळूण!

बाल्कनीवाली: चीक विषारी असतो, आफ्रिकेत बाणांना लावायचे. छाटल्यावर हात धुवा. आणि पिठ्या ढेकूण बघून घ्या, माझ्या नव्या झाडाबरोबर घरभर आले.

वाळूविटा: अरेबिकमच घ्या.

चिपळूणची_गच्ची: सगळ्यांचे आभार. बाजारात साधं गुलाबी ओबेसम दिसलं, १५० ला. त्याला बैलाच्या शिंगांसारखी शेंगांची जोडी लागली होती, तेच उचललं. वाळूविटा, रागावू नका. बियांना दोन्ही टोकांना केसांचे झुबके असतात, शेंग तडकली की वाऱ्यावर जातात, म्हणून दोन्ही शेंगा दोऱ्याने बांधून ठेवल्यात. रोपं स्वतःच करीन. विटा आजच फोडल्या, पत्रा रविवारी बसतोय.

माळीणबाई: बी ताजं असतानाच पेरा, लवकर रुजतं.

लालबुंद: रोपं झाली की त्यावर कलम करा.