ती वेल मंजिष्ठा असावी
पन्हाळ्याच्या उतारावर आपल्याला आढळलेली, खोडाभोवती चक्राकार पाने असलेली बहुवर्षायू वनस्पती युरोपातील वुडरफ असावी, असे आपण लिहिले आहे. परंतु आपल्या वर्णनातील देठांची, हृदयाकृती पाने आणि झुडपांवर चढणारी खरखरीत वेल पाहता ती त्याच रुबिएसी कुळातील (कदंब व कॉफी याच कुळातले) मंजिष्ठा आहे, असे मला वाटते. वुडरफ जमिनीलगत वीतभर ते फूटभर वाढते, तिच्या प्रत्येक पेऱ्यावर ६ ते ९ अरुंद पाने असतात आणि ती वाळल्यावर कूमारिन या सुगंधी द्रव्यामुळे गोड सुगंध येतो. मंजिष्ठेच्या पेऱ्यावर सहसा ४ पाने असतात, आणि चौकोनी खोडावरील बारीक, मागे वळलेल्या काट्यांच्या आधाराने ती वर चढते. खात्रीसाठी एखादे मूळ किंचित खरवडून पाहावे, ते तांबडे दिसेल. मात्र वेल कृपया उपटू नये, कारण रंग आणि औषधासाठी तिची मुळेच खणली जातात.

मंजिष्ठेच्या लागवडीसाठी पावसाळ्याच्या आरंभी छाट कलम (खोडाचा कापलेला तुकडा) अर्धसावलीत लावावे. कोल्हापूरच्या काळ्या मातीत पाणी साचते, म्हणून तीत वाळू आणि कुजलेला पालापाचोळा भरपूर मिसळावा व वेलीला आधार द्यावा. थंड, ओलसर रानातील वुडरफला आपला एप्रिल-मे सोसणे कठीणच.